देवनारचा दाखला

देवनार म्हटले की मुंबईकराच्या मनात, आणि मनाआधी नाकात, दोन गोष्टी जाग्या होतात. एक, १९२७ पासून चढत गेलेला कचऱ्याचा डोंगर. दुसरी, वांद्र्याच्या जुन्या कत्तलखान्याची जागा घेणारे, १९७१ साली सुरू झालेले महापालिकेचे पशुवधगृह. विद्याव्यवहारातल्या मंडळींना टाटा समाजविज्ञान संस्था आणि लोकसंख्याशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था याही आठवतील. परंतु त्यांचे पत्ते देवनारचे असले तरी देवनारचे नाव झाले ते त्यांच्यामुळे नव्हे. प्रस्तुत लेखाचा विषय पशुवधगृह हा आहे. मात्र त्यातली सुरी नव्हे. सुरीच्या थोडे अलीकडे एक लहानशी कृती घडते, तिच्याविषयी लिहायचे आहे. पशुवैद्य जनावराला हात लावून पाहतो, आणि दाखला देतो किंवा नाकारतो.

या दाखल्याचा इतिहास बराच लांबचा आहे. जुन्या मुंबई राज्यात १९५४च्या पशुसंरक्षण कायद्यानुसार दाखल्याशिवाय गुरांची कत्तल करता येत नसे. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९७६चा. तो १९७८ साली अमलात आला. गाईची हत्या त्याने पूर्णपणे बंद केली; वळू, बैल, म्हशी आणि म्हशीची वासरे यांच्यासाठी मात्र दाखल्याची वाट मोकळी ठेवली. सक्षम अधिकाऱ्याच्या मते जनावर ओढकामाला, शेतीला, पैदाशीला किंवा दुधाला किफायतशीर असेल, किंवा पुढे तसे होण्याची शक्यता असेल, तर दाखला द्यायचा नाही. हे शब्द सावकाश वाचावेत असे आहेत. जनावर आजारी आहे काय, एवढाच प्रश्न पशुवैद्याला विचारलेला नाही. ते उपयोगी आहे काय आणि उद्या होईल काय, असेही विचारलेले आहे. पहिला प्रश्न शरीराविषयीचा आहे. दुसऱ्यात शेतीचे अर्थशास्त्र आले आणि थोडेसे भविष्यकथनही आले. तरी दोन्हींचे उत्तर एकाच हाताने, एकाच तपासणीत, त्याच ओट्यावर द्यायचे.

तो हात काय पाहतो? प्रथम दात. गुरांचे दात वाचण्याची विद्या पशुवैद्यकाच्या महाविद्यालयांहून फार जुनी आहे, आणि तिची परिभाषा आपल्या बैलबाजारांत आजही जिवंत आहे. दुधाचे दात असलेला तो आदत. खालच्या जबड्यातले दोन दुधाचे दात पडून पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की जुळलेला. (वरच्या जबड्यात गुरांना पुढचे दात नसतातच, हे शहरी वाचकाने ध्यानात घ्यावे.) आदत ते जुळलेला हा प्रवास साधारण दोन वर्षांपासून चार-साडेचार वर्षांपर्यंतचा, आणि तोवर दोन जाणकारांच्या मतांत फारसा फरक पडत नाही; दात मोजायचेच तर असतात. खरी पंचाईत पुढे आहे. जुळलेल्या बैलाचे वय दातांच्या झिजेवरून ठरवायचे, आणि झीज ही वयाइतकीच चाऱ्यावर आणि मातीवर अवलंबून असते. कोरडवाहू मुलखात रेताड कडबा चघळलेला आठ वर्षांचा बैल आणि ओल्या चाऱ्यावर पोसलेला अकरा वर्षांचा बैल यांची तोंडे एकमेकांसारखी दिसू शकतात. म्हणजे जिथे कायद्याला वय हवे असते, नेमके तिथे दात बोलायचे थांबतात.

दातांनंतर खांदा पाहायचा: जुवाने पडलेला घट्टा जुना की ताजा. मग खूर, चाल, डोळे, कातडीची लव. म्हैस असेल तर कास दाबून पाहायची, आणि गाभण आहे की नाही हे मागून हात घालून गर्भाशय चाचपून ठरवायचे. ही शेवटची परीक्षा म्हणजे शुद्ध स्पर्शविद्या. तिथे डोळ्यांचा उपयोग नाही. मुरलेला हात दोन-तीन महिन्यांचा गर्भ सहज ओळखतो. पहिल्या महिन्याभरात मात्र कोणाच्याच हाताला काही लागत नाही. त्यामुळे ‘गाभण नाही’ या निष्कर्षात ‘माझ्या हाताला लागली नाही’ हे वाक्य दडलेले असते. कागदावर ते उतरत नाही.

पशुवैद्यांवर ठपका ठेवण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने १८८६ पासून जी विद्या शिकवली, तिची मर्यादा ही साऱ्या वैद्यकाची मर्यादा आहे. आपल्या आयुर्वेदाने दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी रोगपरीक्षेची तिहेरी मांडणी केली. त्यातला ‘प्रश्न’ गुरांच्या डॉक्टरला वर्ज्य. त्याचा रोगी कुठे दुखते ते सांगत नाही. त्याच्या वतीने धनी बोलतो, आणि देवनारच्या दारात उभ्या असलेल्या धन्याला कोणते उत्तर हवे आहे ते उघड असते. उरतात डोळे आणि हात. म्हणूनच दोन वैद्यांनी एकच शरीर चाचपले तर दोघांना तेच सापडेल काय, हा साऱ्या वैद्यकाला लागू असलेला प्रश्न देवनारच्या ओट्यावर अगदी उघडा पडतो.

हा प्रश्न वैद्यकाने स्वतःला फार उशिरा विचारला. १७६१ साली व्हिएन्नाच्या औएनब्रुगरने छातीवर बोटांनी ठोकून आतला पोकळ-भरीव आवाज ऐकण्याची रीत प्रसिद्ध केली (तो खाणावळवाल्याचा मुलगा, पिपात दारू कुठवर आहे हे ठोकून ओळखण्याची कला त्याने घरीच पाहिली असावी, असे सांगतात). १८१६ साली पॅरिसच्या लेनेकने एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे प्रशस्त नव्हे म्हणून कागदाची सुरळी केली, आणि तिच्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. त्या पिढीला आपल्या बोटांविषयी आणि कानांविषयी शंका कमी होती, याचे एक कारण शवागार. जिवंतपणी ऐकलेली खूण मृत्यूनंतर शरीर उघडून ताडून पाहता येत असे. पॅरिसच्या रुग्णालयांची कीर्ती या ताडून पाहण्यावर उभी राहिली.

या दृष्टीने पाहिले तर पशुवधगृह हे पॅरिसच्या रुग्णालयाहूनही भाग्यवान म्हटले पाहिजे. इथे सकाळी हात लावलेले शरीर काही तासांत उघडते. कत्तलीनंतर पशुवैद्य पुन्हा तपासणी करतो: फुप्फुसे आणि यकृत दाबून पाहतो, लसिकाग्रंथींना छेद देतो, क्षयाच्या किंवा कृमींच्या खुणा शोधतो. सकाळच्या निदानाची चूक दुपारी उघडी पडू शकते. परंतु हे फक्त रोगाविषयी. ‘हा बैल औताला उपयोगी नव्हता’ या सकाळच्या विधानाचा पुरावा कोणत्याही फुप्फुसात सापडत नाही. ते खरे होते की खोटे, हे सांगू शकणारा एकच साक्षीदार होता: आणखी दोन वर्षे जगलेला तो बैल. दाखल्याने तोच साक्षीदार नाहीसा केलेला असतो. मला या साऱ्या इतिहासातली मध्यवर्ती गाठ हीच वाटते. जी चूक कधीच पकडली जाणार नाही, ती करणाऱ्या हाताला स्वतःचा अंदाज सुधारण्याची संधीही कधी मिळत नाही.

साहित्याच्या अध्यापकांना ही अडचण परकी नाही. एकाच उत्तरपत्रिकेला एक परीक्षक बेचाळीस आणि दुसरा सत्तावन्न गुण देतो, फेरतपासणीचा अर्ज येतो, आणि मग आपण ‘दृष्टिकोनाचा फरक’ असे भारदस्त नाव देऊन तो गुंडाळून ठेवतो. आय. ए. रिचर्ड्सने केंब्रिजमध्ये कवीचे नाव आणि काळ काढून टाकलेल्या कविता विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिक्रिया १९२९ साली ग्रंथरूपाने मांडल्या. एकाच कवितेविषयी सुशिक्षित वाचकांची मते किती टोकाची असू शकतात, हे त्याने निर्दयपणे दाखवून दिले. गंमत अशी की, वैद्यकाचा असाच गाजलेला पंचनामा त्यानंतर पाच वर्षांनी झाला.

अमेरिकन चाइल्ड हेल्थ असोसिएशनने १९३४ साली न्यूयॉर्कच्या शाळांतील एक हजार मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांपुढे उभे केले. डॉक्टरांनी १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. ज्यांना नको म्हटले त्या २१५ मुलांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले, तर त्यांनी ९९ जणांना सुचवली. त्यातून सुटलेली ११६ मुले तिसऱ्या डॉक्टरांकडे गेली. तिथे ५१ जणांचे टॉन्सिल काढण्याजोगे ठरले. तीन फेऱ्यांनंतर हजारांपैकी ६५ मुले उरली. प्रत्येक फेरीत पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास मुले दोषी ठरत होती, मग समोर कोणतीही मुले असोत. घशात काय आहे यापेक्षा, समोर आलेल्यांपैकी साधारण किती जणांच्या घशात काही असावे याची डॉक्टरांच्या मनातली सवय त्या आकड्यांत दिसते.

मतभेद मोजायचा कसा, हा पुढचा प्रश्न. दोन वैद्य शंभरपैकी अमुक वेळा सहमत झाले असे नुसते सांगणे फसवे असते. देवनारचेच एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन पशुवैद्यांनी तेच शंभर बैल स्वतंत्रपणे तपासले. दोघांनीही नव्वद-नव्वद बैल निरुपयोगी ठरवले. आणि ८६ बैलांबाबत त्यांचे मत जुळले. शंभरात ८६ म्हणजे उत्तमच, असे वाटेल. पण दोघांनी डोळे मिटून, बैलाला हातही न लावता, नव्वद-दहाच्या प्रमाणात चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी सरासरीने ८२ बैलांबाबत त्यांचे मत जुळलेच असते. म्हणजे त्यांच्या विद्येने दैवाच्या पुढे मारलेली मजल फक्त चार बैलांची. शक्य होती अठरांची. या चार भागिले अठराला, म्हणजे सुमारे ०.२२ला, कप्पा असे म्हणतात. १९६० साली जेकब कोहेन या मानसशास्त्रज्ञाने हे माप सुचवले, आणि त्यानंतर वैद्यकाची झोप थोडी उडाली. १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये चोवीस डॉक्टरांनी चोवीस रुग्णांच्या छाती तपासल्याचा एक अभ्यास आला. ठोकणे, चाचपणे, स्टेथोस्कोप लावणे या साऱ्यांतून मिळालेल्या खुणांविषयीची सहमती निव्वळ योगायोग आणि पूर्ण एकमत यांच्या साधारण मध्यावर होती. औएनब्रुगरनंतर सव्वादोनशे वर्षांनी ही स्थिती.

मुंबईने या मध्यावरच्या जागेची किंमत यापूर्वी एकदा मोजली होती. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ब्युबॉनिक प्लेगचे निदान केले, तेव्हा शहरातले सगळे वैद्यक त्यांच्या पाठीशी एकदम उभे राहिले नाही. पुढे फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगांचा कायदा आला आणि रेल्वे स्थानकांवर उतारूंच्या काखा-जांघा चाचपण्याचे सत्र सुरू झाले. त्या काळच्या मराठीत या रोगाला ग्रंथिक सन्निपात म्हणत. ग्रंथी सापडली की माणूस संशयित. पण जांघेतली गाठ ही एकट्या प्लेगची मिरास नाही. अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या पायात काटा मोडून जखम चिघळली तरी जांघेत अवधाण येते; आपल्या भाषेत त्यासाठी स्वतंत्र शब्द असावा इतकी ती नित्याची गोष्ट होती. फलाटावर, घाईत, शेकडो शरीरांवरून फिरणाऱ्या बोटांनी अवधाण आणि प्लेगची गाठ यांतला फरक प्रत्येक वेळी कसा ओळखावा? ज्याच्या बोटांना तो ओळखता आला नाही, त्याच्या निर्णयावर घर, सामान आणि कुटुंब यांची ताटातूट ठरत होती. त्या वर्षांतल्या संतापाची कारणे आपण अब्रू, सोवळे आणि गोऱ्या सोजिरांचा उद्दामपणा यांत शोधतो, आणि ती तिथे आहेतही. परंतु ज्याची दुसऱ्या हाताने शहानिशा होणार नाही अशा स्पर्शाच्या स्वाधीन व्हावे लागणे, हेही त्या संतापाचे एक कारण होते, असे मला वाटते.

आता पुन्हा दाखल्याकडे. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद हनीफ कुरेशी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात निकाल दिला. गाय आणि वासरे यांच्या हत्येवर पूर्ण बंदी घालता येईल. बैल, वळू आणि म्हशी यांच्यावर ती कामाला समर्थ असेपर्यंतच. निरुपयोगी झाल्यावरही बंदी घालणे हा खाटकाच्या व्यवसायस्वातंत्र्यावर अवाजवी निर्बंध ठरेल. न्यायमूर्तींनी जाणूनबुजून केले असो वा नसो, पण या निकालाने राज्यघटनेचा एक मूलभूत हक्क पशुवैद्याच्या बोटांच्या टोकावर आणून ठेवला. ‘निरुपयोगी’ या शब्दाला घटनात्मक वजन आले, आणि ते तोलायला काटा मात्र तोच जुना.

राज्यांनी या काट्यावर अविश्वास दाखवला. हाताऐवजी आकडा पुढे आला. बिहारने बैलासाठी पंचवीस वर्षांची मर्यादा घातली. उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश यांनी वीस वर्षांची. बिहारच्या नियमांत पशुवैद्याच्या मताला स्थानिक संस्थेच्या पदाधिकाऱ्याच्या संमतीची जोडही लागे. दुसरा परीक्षक आणला खरा, पण तो वैद्य नव्हता. हे आकडे १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले, कारण पंधराएक वर्षांपुढे बैल कामाचा राहत नाही असे पुराव्यातून दिसत होते. इतक्या वयापर्यंत पोचणारे बैलच विरळा, तेव्हा ही मर्यादा म्हणजे आडवाटेने घातलेली पूर्ण बंदीच होती. निकाल तर्कशुद्ध आहे. पण दातांविषयी वर जे लिहिले ते ध्यानात घेतले तर आणखी एक गोष्ट दिसते. पंधरा काय, वीस काय आणि पंचवीस काय, हे आकडे बैलाच्या तोंडात वाचताच येत नाहीत. दहाबारा वर्षांपुढचे वय हा अंदाजच. कायदा हातापासून सुटण्यासाठी आकड्याकडे गेला, आणि आकडा ठरवायला पुन्हा हाताकडेच आला. गुजरातने पुढे सोळा वर्षांची मर्यादा घातली. १९८६ साली न्यायालयाने ती ग्राह्य धरली.

देवनारच्या दारात ११ जानेवारी १९८२ रोजी विनोबांच्या सांगण्यावरून सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला विनोबांचे देहावसान झाले. सत्याग्रह त्यांच्यामागे वर्षानुवर्षे चालू राहिला. त्याविषयी श्रद्धेने आणि चिडून, दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. मला त्यातल्या मागणीच्या शब्दांत रस आहे. कोणत्याही वयाच्या गाय-बैलाची कत्तल होऊ नये, अशी ती मागणी होती. ‘दाखले नीट तपासून द्या’ अशी नव्हती. ‘कोणत्याही वयाच्या’ म्हणताच दात पाहण्याचे प्रयोजनच संपते. पशुवैद्याची परीक्षा चुकीची आहे की बरोबर, या वादात विनोबा पडलेच नाहीत. परीक्षाच नको, असे त्यांचे म्हणणे. उलट खाटकांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही दाखल्याची विश्वासार्हता फारशी खोदायची नव्हती, कारण त्यांचा व्यवसाय त्या कागदावर उभा होता. दाखल्यावर दोन्हीकडून इतकी माणसे जीव पाखडत असताना, दोन पशुवैद्यांना तोच बैल वेगवेगळा दाखवून काय होते ते पाहावे, हे त्या वादाच्या मुख्य प्रवाहात आलेच नाही.

शेवट न्यायालयात आणि विधिमंडळात झाला. २६ ऑक्टोबर २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने, सहा विरुद्ध एक अशा बहुमताने, गुजरातची संपूर्ण बंदी वैध ठरवली. म्हाताऱ्या बैलाचे शेण आणि मूत्रही शेतीला उपयोगाचे. तेव्हा बैल निरुपयोगी असा होतच नाही, असा बहुमताच्या निकालाचा एक धागा होता. १९५८च्या निकालाने जो शब्द पशुवैद्याच्या हाती सोपवला होता, तो २००५च्या निकालाने त्याच्या हातून काढून घेतला. महाराष्ट्राने २०१५ साली बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी घातली. मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. (बाहेरच्या राज्यातून आणलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले.) बंदी इष्ट की अनिष्ट, हा येथे विषय नाही. इतिहासाच्या दृष्टीने इतकेच नोंदवायचे की, ज्या हातांच्या मतभेदावर हा सारा डोलारा उभा होता, ते हात कोणी सुधारले नाहीत की मोजले नाहीत. प्रश्नच कायद्यातून काढून टाकला गेला.

दुसरा मार्ग होता काय? होता, आणि तो याच शहरात, त्याच काळात, दुसऱ्याच एका परीक्षेसाठी चालून पाहिला गेला. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांना घेऊन एक मोठी चाचणी सुरू केली. वस्त्यांचे वीस समूह. दहांमध्ये दर दोन वर्षांनी स्तनांची हाताने तपासणी, अशा चार फेऱ्या. उरलेल्या दहांमध्ये कर्करोगाची माहिती तेवढी. मॅमोग्राफीचे यंत्र गरीब देशाला परवडत नाही, तेव्हा हात पुरेल काय, असा प्रश्न डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांचे सहकारी विचारत होते. कॅनडात १९८० साली सुरू झालेल्या चाचणीत पन्नाशीपुढच्या स्त्रियांना काळजीपूर्वक केलेल्या हाताच्या तपासणीवर मॅमोग्राफीने मृत्यूंच्या बाबतीत काही भर घातली नव्हती, याचा त्यांना आधार होता.

हात कोणाचा, हे महत्त्वाचे. तपासणाऱ्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. पशुवैद्याच्या किंवा प्लेगच्या डॉक्टरच्या हातामागे पदवीचे आणि सरकारचे वजन होते, म्हणून त्याची परीक्षा घ्यावी असे कोणाला वाटले नाही. या सेविकांच्या हातामागे असे काहीच नव्हते, म्हणून त्यांचा हात सतत तज्ज्ञांच्या निष्कर्षांशी ताडून पाहिला गेला. याच चाचणीत त्या गर्भाशयमुखाचीही तपासणी करत: आम्लाचे पाणी लावून नुसत्या डोळ्यांनी पांढरे डाग शोधायचे. त्यांचे निष्कर्ष आणि तज्ज्ञ स्त्रीरोगतज्ज्ञाचे निष्कर्ष यांच्यातला कप्पा ०.८४ भरला. ‘लॅन्सेट’मधले ते चोवीस डॉक्टर आठवावेत. डोळ्यांनी डाग पाहणे आणि छातीतला आवाज ऐकणे यांची तुलना सरळ होत नाही, हे मान्य. तरीही ज्यांच्यावर कोणाचा भरवसा नव्हता त्यांचा हात आणि डोळा अधिक भरवशाचा निघावा, यात एक न्याय आहे.

वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. हाताने तपासलेल्या गटात रोग तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७. स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू एकूण पंधरा टक्क्यांनी कमी दिसले, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला तो फरक थोडक्यात उतरला नाही. पन्नास आणि त्यापुढच्या वयाच्या स्त्रियांत मात्र घट तीस टक्क्यांच्या जवळ होती आणि ती कसोटीला उतरली. (वयाची ही विभागणी मागाहून केलेली, हे लेखकांनी सांगितले आहे, वाचणाऱ्यानेही ते विसरू नये.) पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. या चाचणीवर टीकाही झाली. तुलनेच्या गटातल्या स्त्रियांना वर्षानुवर्षे तपासणीविना ठेवणे योग्य होते काय, हा प्रश्न विशेषतः गर्भाशयमुखाच्या संदर्भात तीव्रपणे विचारला गेला, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. हात मोजण्याचीही किंमत असते आणि ती पुन्हा झोपडवस्तीतल्या शरीरांनीच चुकवलेली असते.

तरीही या दोन इतिहासांतला फरक मला पुसता येत नाही. देवनारच्या वादात दोन्ही पक्षांना सत्य ठाऊक होते. हात त्या सत्याचा कारकून होता. सेविकांच्या बाबतीत हाताला काय कळते हेच कोणाला ठाऊक नव्हते, आणि ते कळेपर्यंत वीस वर्षे थांबायची काही माणसांची तयारी होती.

बैलबाजारात मात्र हात मोजण्याची एक जुनी रीत आहे. तिथे दलाल बैलाचे तोंड उघडतो, दात पाहतो, खांद्यावर थाप मारतो आणि मग रुमालाखाली समोरच्याची बोटे धरून किंमत सांगतो. दुसरा दलाल येतो, तोच बैल पाहतो, त्याच रुमालाखाली दुसरी किंमत सांगतो. दोघांचे मत जुळले नाही तर बैल संध्याकाळपर्यंत दावणीला राहतो. जो चुकतो त्याचे पैसे जातात, आणि पुढच्या बाजारी तो दात जरा अधिक वेळ पाहतो.

२०१५ नंतर देवनारला बैलांसाठी दाखला उरला नाही. म्हशी मात्र कायद्याच्या अनुसूचीत आहेत. त्यांच्यासाठी कास दाबून पाहावी लागते, मागून हात घालून गर्भ चाचपावा लागतो, आणि कागदावर एकच सही होते.